डोळेच राहिलेत

(सकाळपासून बंद असलेल्या खोलीच्या उंबऱ्यावर पितळेची थाळी आदळते.)

सुकांती : घ्या तुमचा हविष्य भात. कांदा नाही, मसाला नाही. व्रताचा माणूस ना तुम्ही!

बनमाळी : हळू गं. आत देवाचा पट रंगवणं चाललंय.

सुकांती : तुमचा गमछा धुवायला घेतला. कोंबडीच्या रश्श्याचे डाग. तीनदा राखेनं हात घासले, वास जात नाही.

बनमाळी : एकदाच झालं. भुवनेश्वरचा व्यापारी आला होता, हॉटेलासाठी चित्रं हवीत म्हणून. जेवायलाच बसवलं त्यानं. नाही कसं म्हणायचं?

सुकांती : तोंडानं! हाडं चोखायला होतं ना तोंड? शी! तिकडे दरवर्षीसारखे स्नान करून देव तापानं पडलेत, देवळाची दारं बंद. पंधरा दिवस मूर्तीऐवजी अख्खं गाव तुमच्या पटापुढे डोकं टेकणार. तो ह्या बोटांनी रंगवलात?

बनमाळी : रंगाला काय कळतंय? शंखाचा पांढरा तो पांढराच.

सुकांती : तो शंख मी वाटलाय. तुमच्यासोबत एकवेळ जेवून. कोणी सांगितलं नव्हतं मला. नवा पट करा.

बनमाळी : दुपारी पुजारी येतोय न्यायला, घंटा वाजवत. कापडाला चिंचोक्याची खळ द्यायलाच दोन दिवस लागतात. सगळं झालंय गं, डोळेच राहिलेत.

सुकांती : मग सांगा पुजाऱ्याला, पट बाटला म्हणून.

बनमाळी : म्हणजे सात पिढ्यांची सेवा उद्या दुसऱ्या घरात! …सुकांती, तूच काढ ना डोळे. तुझं व्रत मोडलेलं नाही.

सुकांती : मी? दरवर्षी मला उंबऱ्याबाहेर कोण बसवतं? बाईचा हात लागू नये म्हणे. बाजारात विकायच्या चित्रांतल्या देवांचे डोळे नऊ वर्षं मीच काढते, खाली नाव तुमचं. आज घाण केलीत, तर निस्तरायला बायको!

बनमाळी : तसं नाही. तुझी रेघ खरंच माझ्याहून…

सुकांती : त्या तोंडानं माझं कौतुक नको. सरका. बाहेर व्हा.

बनमाळी : काढतेस?

सुकांती : देवानं काय पाप केलंय, आंधळं जायला? कुंचला खाली ठेवा. हातात देऊ नका.

(त्यांची लहान मुलगी टिकिली आईला हाक मारत धावत येते.)

टिकिली : बोऊ! तू आत कशी? बापा तर बाहेर ओट्यावर बसलाय.

सुकांती : टिकिली, धक्का नको हं माझ्या पाखरा, हात हलेल… बस. झालं.

टिकिली : बोऊ, देव तुझ्याकडेच बघतोय.

सुकांती : हो गं. बघतोय खरा. …ऐक, कोणाला सांगायचं नाही. पुजारीबाबांनी विचारलं, तर म्हणायचं बापानं काढले.

टिकिली : आणि देवानं विचारलं तर?