राक्षसांचा वैद्य

...आणि वर मलाच विचारतात, "तू राक्षस कशाला झालास?" अहो, मी झालो का? मला केला! तुम्हाला सांगतो, मला साधा माणूस व्हायचं होतं. तेवढंही जमू दिलं नाही आमच्या घराने.

त्याचं असं झालं, दोन हजार आठ साल. माझा चुलतभाऊ निलेश नोकरीला पुण्याला गेला. लहानपणापासून आम्ही एका ताटात जेवलेले, एकाच्या खोडीसाठी दोघांनी मार खाल्लेले. तो गेला आणि मला मालवण खायला उठलं. मग एक दिवस त्याचा फोन, "प्रितम, कॉम्प्युटरवर एक गेम आसा. मी हयसून, तू थयसून, रोज सांजेक एकत्र. मी लढतलंय, तू वैद्य हो. माका लागला की माका बरो करूचा." मी इतका खूश, की त्याच पावली बंदराजवळच्या सायबर कॅफेत!

गेम उघडला आणि समोर काय? आधी कूळ निवडा, मग धंदा निवडा! माणूस, बुटका, लांब कानांचा यक्ष, राक्षस... आणि प्रत्येकाला परत योद्धा, तिरंदाज, जादूगार, वैद्य... खाली तंबी, एकदा निवडलं की बदलता येणार नाही. मी म्हटलं, माणूस बरा, ओळखीचा आहे. तरी यक्षाची उंची बघून मन डळमळायला लागलं, म्हणून उद्या ठरवू म्हणून घरी आलो आणि घोडचूक केली. जेवताना बोललो.

आमच्या वडिलांचा, म्हणजे दाजींचा, घास हातातच राहिला. "कूळ निवडूक मिळता? माका खंय कोणी इचारल्यान?" थोडा वेळ रुसलेच ते. मग म्हणाले, नवा जन्म घ्यायचा आणि देवाला न विचारता? अहो, आमच्याकडे होडी पाण्यात घालायची तर कौल, विहीर खणायची तर कौल, म्हैस हरवली तर कुठल्या दिशेला गेली त्याचा कौल! आणि कौल तो कौल, मोडायचा कोणी?

नेलं मला देवळात. परशुराम गुरवाने पाषाणाला डावी-उजवीकडे फुलाचे कळे चिकटवले, म्हणाला काय ते सांग. मी कुळं मोजायला लागलो तर यक्षापर्यंत पोचायच्या आत त्याने हात वर केला. "देवाक गोंधळात घालू नको. सोपा करून इचारूया." आणि सुरू, "बा देवा म्हाराजा! हो दाजीचो झील आज कॉम्प्युटरात जल्म घेता हा! माणूस होवचो आसात तर उजवो कळो दी, राक्षस होवचो आसात तर डावो दी रे म्हाराजा!" आणि मागून दाजी, अगदी भक्तिभावाने, "व्हय म्हाराजा!"

बराच वेळ काही हलेना. मी मनातून म्हणतोय, उजवा, उजवा... आणि पडला डावा. मग धंदा विचारला, तेव्हा मात्र देव निलेशच्या बाजूने. वैद्य! म्हणजे मी कोण? राक्षसांचा वैद्य!

निलेशला फोन केला तर हळूच म्हणतो, "अरे, मी माणूस, आणि त्या गेमात माणसां आणि राक्षसां वैरी असतत. एकमेकांशी बोलूक पण गावणा नाय. तू दुसरो काढ." दुसरा काढ म्हणे! आणि उद्या समुद्रात होडीला काही झालं तर? बरं, तोच राक्षस व्हायला तयार झाला, तर दाजींनी सांगितलं, एका घरात दोन राक्षस नकोत. संपलं! कौल तो कौल, मोडायचा कोणी?

मग रोज संध्याकाळी गेममधल्या नदीच्या अलीकडे मी, शिंगं-सुळे घेऊन, आणि पलीकडे निलेश, गोरागोमटा. बोलता येईना, म्हणून तो हात हलवायचा आणि मी उड्या मारून दाखवायचो, लहानपणी होडीवरून दोघे मारायचो तशा. तेवढ्यात आमच्यातला कोणीतरी राक्षस, कुठल्या देशातला देव जाणे, जखमी होऊन यायचा. माझा धंदाच तो! मी त्याला बरा करायचो, आणि तो ठणठणीत होऊन, माझ्या डोळ्यांदेखत, जाऊन निलेशलाच हाणायचा! निलेश आडवा व्हायचा आणि मी नुसता बघायचो. वाईट वाटायचं हो. फार वाईट वाटायचं.

आता लढणाऱ्याला वैद्य तर हवाच. त्याला मिळाली. कोल्हापूरची संचिता. ही त्याला बरा करायची, आणि हिला त्याच्याशी बोलताही यायचं! मला त्याचे फोन आधी रोजचे आठवड्यावर गेले, मग सणासुदीवर, मग एकदम लग्नाची पत्रिकाच आली. मांडवात दाजी गुरवाचा हात धरून सांगतायत, "बघ, देवान तेवाच ठरवल्यान हुता. प्रितम तेचो वैद्य झालो असतो तर ह्या लगीन झाला असता?" आणि नवरीमुलगी मला म्हणते, "तुम्हीच ना ते, पलीकडून उड्या मारणारे? आम्ही दोघं खूप हसायचो." हसायचो म्हणे...

निलेश आता गेममध्ये येत नाही. संसार आहे त्याला. मी जातो. लोक म्हणतात, आता तरी राक्षसपण सोड, माणसात ये. पण कौल तो कौल! आणि तुम्हाला सांगतो, पलीकडे निलेश नाही, दुसरंही कोणी आता फिरकत नाही, म्हणून आमच्या राक्षसांना लढायला कोणी नाही, आणि लढाई नाही म्हणून कोणी जखमीही होत नाही. मी आपला रोज औषध घेऊन उभा.