सरदार ढालग्यांची बंदूक

थांबवा, जरा टाळ थांबवा! मृदंगवाले, तुम्हीही हात पुसा. मंडळी, आज एकच विचारतो — खोटं न बोलता खोटं लिहिता येतं का? ...माना कसल्या हलवताय? येतं! वाक्याच्या शेवटी नुसतं ‘असे सांगतात’ लावायचं की झालं! कोण सांगतात? कधी सांगितलं? विचारायचं नाही!

गुंडोपंत साखळकर या विद्येतले पंडित. संस्थानं विलीन झाली, जुन्या चीजवस्तू बाजारात आल्या, तेव्हा एका लिलाववाल्याकडे ते वस्तूंची वर्णनं लिहायचे. मोडकी तलवार आली — ‘पराक्रमाने खंडित’! मूठच नाही — ‘मूठ योद्ध्याच्या हातीच राहिली, असे सांगतात’! हसा, हसा! तुमच्याकडेही येणार आहे मी!

एकदा काय झालं — सोळा नंबरची बंदूक मालकानं ऐन वेळी परत नेली. आणि पत्रक तर छापायला निघालेलं! पंत घरी आले, डोकं धरून बसले. समोर सगुणाबाई, त्यांची बायको, चूल फुंकतायत. कशानं? जुन्या बाजारातून आणलेल्या बंदुकीच्या नळीनं! पंत ताडकन उठले. बायकोची पाठ वळताच फुंकणी पळवली, मागचं भोक लाखेनं बुजवलं, वर काळा रंग, खाली सागवानी दस्ता — झाली बंदूक तयार! आता तिला मालक पाहिजे. खिडकीतून पाहिलं तर समोर पाटी — ‘ढालगे तेल भांडार’. पंतांनी लेखणी उचलली. ‘सरदार कोंडाजी ढालगे यांची खासगी बंदूक. नळीत तीन लढायांची काजळी. तोंडाशी मानाचे तांब्याचे कडे. अद्याप उडते, असे सांगतात.’

काजळी तुरीच्या डाळीची होती, मंडळी! आणि कडं? खिळ्याला टांगायला सगुणाबाईंनी वळलेली तार!

लिलावात ती बंदूक घेतली कुणी? समोरच्याच तेलवाल्यानं — केरबा ढालग्यानं! नाव त्याच्या पाटीवरून उचललं आणि पूर्वज म्हणून त्यालाच विकलं! भला माणूस, डोळे भरून आले त्याचे. “पंत, आमच्या गावात दसऱ्याला पालखीपुढं आम्हाला कुणी उभं करत नाही. बाप घाणा हाकत हाकत गेला. यंदा सीमोल्लंघनाचा पहिला बार मी उडवणार. तुम्ही जोडीनं यायचं!”

पंतांना आता उमगलं — बार उडाला की लाखेचं बूच मागं सुटणार — थेट केरबाच्या डोळ्यात! मग सांगितलं का? छे! अब्रूला भ्यायले. “येतो की,” म्हणाले.

दसरा उजाडला. वेशीवर कमान — ‘सरदार कोंडाजी अमर रहे’! शेजारचं गाव भांडायला आलेलं — कोंडाजी जन्मले आमच्याकडे! पाळणासुद्धा आणला होता पुराव्याला! जो जन्मलाच नाही त्याला दोन जन्मगावं — तुम्हा-आम्हाला एकच, तेही कुणी विचारत नाही!

केरबा फेटा बांधून उभा. दारूची पिशवी हातात. पंत शेजारीच. शेवटी ओरडलेच, “थांब केरबा! कोंडाजी असा कुणी नव्हताच! मी रचला तो! ही चुलीची फुंकणी आहे!”

पाटील म्हणाले, “पंत, चेष्टा पुरे. छापलेलं खोटं असतं होय?” पंतांचंच पत्रक पंतांच्या नाकासमोर नाचवलं! “सरदारांचा अपमान!” म्हणून चौघं अंगावर धावले.

केरबा पिशवीची गाठ सोडतोय, दारू अजून भरायचीय — तेवढ्यात पंतांनी बंदूक हिसकली आणि पळत सुटले! कुठं? देवळामागं, महाप्रसादाच्या चुलीकडं! दस्ता उपटला, मागचं टोक निखाऱ्यावर धरलं. हात पोळला, पण सोडलं नाही. लाख टपाटप गळली. तिथं सगुणाबाई मदतीला बसलेल्या, धुरानं डोळे लाल. तार बघून म्हणाल्या, “अगंबाई, माझी फुंकणी! आणि मी चार महिने कागदाच्या सुरळीनं फुंकतेय!” पदरानं धरली, गार टोक तोंडाला लावलं, फुंकली — आणि भडका!

पाठोपाठ सगळं गाव धावत आलं होतं. केरबानं नळी घेतली, आरपार पाहिलं. पलीकडं पंतांचा रडका चेहरा. “डोळा गेला असता रे तुझा,” पंत म्हणाले. “मला माहीत होतं, तरी गप्प बसलो. चुकलो.”

केरबानं नळी खाली ठेवली. “मला सरदार कुठं हवा होता, पंत? मला नुसतं पुढं उभं राहायचं होतं.”

सगुणाबाईंनी विचारलं, “केरबाभाऊ, पालखीपुढच्या दिवटीत तेल कुणाचं असतं?”

“आमचंच. आजाच्या वेळेपासून.”

“आणि हे कुणी लिहिलं नाही?”

पाटलांनी मान खाली घातली. मग स्वतः दिवटी उचलली आणि केरबाच्या हातात दिली. त्या दसऱ्याला बार उडाला नाही, मंडळी. केरबा पुढं चालला, फेटा तसाच, डोळे दोन्ही शाबूत!

आता तुम्ही! लग्नाच्या पत्रिकेत मुलगा ‘परदेशी जाण्याच्या बेतात’ — तालुक्याला तरी गेलाय का? आणि मी? बाहेरच्या फलकावर ‘अखिल भारतीय कीर्तनरत्न’ — चार जिल्ह्यांपलीकडं पाऊल टाकलेलं नाही! मजकूर मीच दिला. लाख मीच भरली! उद्या उतरवतो तो फलक. तुम्हीही घरी जाऊन आपापली लाख वितळवा. चटका बसेल, बसू द्या. फुंकणीनं चूल तर पेटते! पण लाख तशीच ठेवून बार उडवायला जाल, तर डोळा कुणाचा जाईल — सांगा बघू?

...आता का गप्प? वाजवा टाळ!