तांबं सगळीकडे सारखं

...नाही, तुम्हीच सांगा, तीच टाकी, तेच पाणी, तीच वीज, मग सकाळी मी मध्यावर लावून दिलेलं काम दुपारपाळीत डावीकडे जाड नि उजवीकडे पातळ कसं निघतं? मी काही संशयी माणूस नाही हं, पण दुपारपाळीला असतो कोण? आमच्या हिचा सख्खा भाऊ!

सर्किट बोर्डांना तांबं चढवायचं आमचं काम. बोर्ड टाकीत टांगायचा, दोन्ही अंगांना तांब्याच्या गोळ्यांच्या टोपल्या, वीज सोडायची. टोपली जरा सरकली की एकीकडे जाड थर, दुसरीकडे कांद्याचा पापुद्रा! तीनदा माल परत आला. साहेब म्हणाले, चौथ्यांदा आला तर तुम्ही पॅकिंगला. बारा वर्षं टाकीवर काढलेला माणूस मी... आता खोक्यांना चिकटपट्ट्या लावू?

मग मी टोपल्या टांगायच्या दांडीवर खडूने खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर टोपल्या चार बोटं डावीकडे! मी काही संशयी माणूस नाही हं, पण मी त्या गुपचूप पाच बोटं उजवीकडे घेतल्या, म्हटलं तो सरकवणारच, आधीच धरून चाललेलं बरं. तर पुढच्या दिवशी सहा बोटं डावीकडे! हिला सांगितलं तर म्हणते, माझ्या माहेरचं कुणी तुम्हाला कधी सरळ दिसलंय का?

शेवटी एकदा पाळी संपल्यावर पिंपामागे लपलो. मेहुणा आला, कपाळाला हात लावला नि लागला सरकवायला. धरला हात! तर रडकुंडीला येऊन म्हणतो, "भावजी, सकाळपाळीचं कुणीतरी मुद्दाम टोपल्या हलवतं हो. तुमच्यावर बालंट नको म्हणून मी रोज मध्यावर आणतो."

म्हणजे त्याचा मध्य वेगळा, माझा मध्य वेगळा! मोजपट्टी लावली, तर खरा मध्य तिसरीकडेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोघांनी मिळून टोपल्या तिथेच तारेने आवळल्या, आणि काय सांगू... कोपरे, कडा, मध्य, सगळीकडे थर हवा तेवढाच, पंचवीस मायक्रॉन! एक कमी नाही, एक जास्त नाही.

तपासणीच्या बाईंनी आकडे पाहिले, चष्मा पुसला, मग मला पाहिलं. म्हणाल्या, घरी बसून लिहिलेत का? स्वतः मोजलं. पंचवीस. "मी काही संशयी नाही," म्हणाल्या, "पण मशीन तरी बिघडलंय, नाहीतर तुम्ही तरी." माल अडकवला! साहेबांचा निरोप आला, संध्याकाळपर्यंत दुसरी खेप पास झाली नाही तर पॅकिंग.

काय करणार? मेहुण्याला म्हटलं, बाबा, तार सोड नि तुझ्या अंदाजाने लाव. एका कोपऱ्यात तेवीस आलं, दुसऱ्यात सत्तावीस. बाईंनी फटकन सही केली नि वर हसून म्हणाल्या, "आता कसं, मन लावून काम केलेलं दिसतंय!"

म्हटलं, हो बाई.