उलटा फिरवलेला पंखा

हात काढ! पंख्यावरून हात काढ आधी — काका-काका काय लावलंयस, मी ओरडणारच! उलटा फिरवलास ना? फिरवलास, दारातून बघितलंय मी. अगं, विमान महिनाभर उभं राहिलं की तेल झिरपत खालच्या सिलिंडरांत उतरतं, म्हणून इंजिन सुरू करायच्या आधी पंखा हाताने फिरवून बघायचा — सरळ! आणि अडला तर थांबायचं, खालचे प्लग काढायचे, तेल निथळू द्यायचं. अर्धा तास जातो, जाऊ दे. अंगावर सांडतं, सांडू दे! पण तुम्हाला घाई. उलटा ढकलला की सुटतो, हो, अलगद सुटतो — आणि तेल कुठे जातं? कुठेच जात नाही! हवेच्या नळीत दबा धरून बसतं. इंजिन सुरू झालं की परत आत, आणि पिस्टनचा दांडा वाकतो. तुटत नाही गं, नुसता वाकतो. वर जाऊन जोर पडेपर्यंत कळतसुद्धा नाही.

आणि रविवारी तू हे घेऊन हवेत कोलांट्या मारणार! लढाईतलं इंजिन आहे हे, माझ्याहून म्हातारं, मिक्सर नाही घरातला. ह्याच्याच जोडीचं होतं ते, दादाचं — तुझ्या बापाचं. कोलांटीच्या टोकाला, डोकं खाली असताना बंद पडलं. आणि ते चौकशीवाले, खुर्च्या उबवणारे, उंटावरचे शहाणे! वैमानिकाची चूक म्हणून लिहून मोकळे. माझ्या दादाची चूक! राखेत दांडा शोधला का एकाने तरी?

कसला दांडा म्हणजे? — ते सोड. तुला हे शिकवलं कुणी ते सांग. क्लबातल्या त्या दीडशहाण्याने? नाव सांग, आत्ता जाऊन त्याची — काय? मी?

काहीतरी बरळू नकोस. सात वर्षांची होतीस तू. कुंपणापाशी... हो, दादाची टोपी होती तुझ्या डोक्यावर, डोळ्यांवर येत होती सारखी — बघत होतीस तू? लोक शिट्ट्या मारत होते, दादा आत पट्टे आवळून बसलेला, आटप रे, आटप रे करत होता, आणि पंखा अडला. कुणीही तेच केलं — नाही. कुणी नसतं केलं. मी केलं. एकदाच, उलटा. चौकशीत विचारलं, पंखा फिरवून घेतला होता का? म्हटलं, हो. खोटं होतं का ते? सरळ की उलटा, हे विचारलंच नाही कुणी! बावीस वर्षं झाली, कुणीच विचारलं नाही — आणि तू तेच शिकून आलीस!

माझ्याकडे बघू नकोस अशी. पान्हा दे इकडे, खालचे प्लग काढायचेत. तू घरी जा. वहिनींना सांग, दादाची चूक नव्हती. कुणाची होती, विचारतील. — मी येऊ? कुठल्या तोंडाने येऊ? तूच सांग. विचारतील तेव्हा गप्प नको बसूस, मी बसलो तेवढं पुरे. जा. जा म्हटलं ना!