अर्धी गोळी

— होय गो संजना, ती मीच. काल डिचोलीत फार्मसीच्या दारात तू ‘मॅडम, मॅडम’ म्हणून हाक मारलीस, आणि मी डोक्यावरून पदर ओढून सरळ रिक्षात बसले. ऐकू आलं नाही असं सांगणार होते तुला, मनातल्या मनात घोकून ठेवलं होतं — सकाळचे तुझे फोनसुद्धा बघितले मी, वाजत होते, उचलले नाहीत. पण आता तू लाटंबार्शाहून स्कूटर मारीत अशी दारात येऊन उभी राहिलीस, डोळे लाल करून, तर खोटं तरी किती बोलायचं माणसाने? बस. त्या कदेलावर नको, त्याचा पाय मोडलाय, इथे बाकड्यावर बस. काय — आईचं? आईचं मग सांग, आधी मला बोलू दे. एकदा गप्प झाले तर परत तोंड उघडायचा धीर व्हायचा नाही मला.

पिशवीत काय होतं ते तू बघितलंसच. गोळ्या. आमच्या ह्यांच्या बीपीच्या, साखरेच्या, महिन्याभराच्या. आता तू म्हणशील, रेकीची मास्तरीण आणि गोळ्या कशाला — तर त्यात तसं वावगं काही नाही म्हणा, गोळ्या सोडा असं मी वर्गात कुणाला कधी सांगितलंय? तूच सांग. नाही ना? डॉक्टर तो डॉक्टर, रेकी ती रेकी, भिंतीवर लिहूनच लावलंय मी. मग पदर कशाला ओढला, असं विचार. विचार ना. ओढला, कारण त्या गोळ्या पुऱ्या महिन्याच्या होत्या, आणि फार्मसीवाल्याने ते मोठ्याने म्हटलं, ‘काकी, दर महिन्याचं पुरं घेऊन जाता, बरं करता’ — आणि तू तिथेच मागे उभी.

दुसऱ्या पायरीचा वर्ग आठवतो तुला? ह्याच खोलीत बसला होता तुम्ही बायका. दारं-जनेलं लावून घेतलेली, कारण चिन्हं बाहेरच्याच्या नजरेस पडू द्यायची नसतात. मी कागदावर काढून दाखवली, तुम्ही हवेत बोट फिरवून फिरवून पाठ केली, मग कागद परसात नेऊन जाळले. पहिलं शक्तीचं, चो कू रे, ते गोल वळत वळत आत जाणारं. दुसरं मनाच्या शांतीचं. आणि तिसरं लांबच्या माणसाला पाठवायचं — ते कुणालाच धड जमेना, पेडण्याची चंद्रावती म्हणाली, मॅडम, ही तर देवळाची दीपमाळ काढायची झाली, किती हसलो आपण. छान चाललं होतं गो सगळं. मी सांगत होते, पहिलं चिन्ह ज्याच्यावर काढाल त्याची ताकद वाढते — पाण्यावर काढा, पेजेवर काढा, औषधावर काढा. माझ्या गुरूंनी मला शिकवलेलं ते एवढंच, आणि एवढ्यावर मी थांबायला हवं होतं.

पण ती मागे बसलेली रूपाली, नर्सिंग शिकलेली — ती हसली. ओठ दाबून, गालातल्या गालात. झालं, माझं डोकं फिरलं. मला कुणी हसलं की माझं असंच होतं, जन्माची खोड आहे ती. मी ह्यांच्या डब्यातली एक गोळी आणली, तळहातावर ठेवली, वर बोटाने चिन्ह काढलं, तीनदा नाव घेतलं आणि म्हटलं — आता ही अर्धी घेतली तरी पुऱ्या गोळीचं काम करते. कुठून आलं तोंडात देव जाणे. गुरूंनी सांगितलेलं नाही, कुठे वाचलेलं नाही. आणि तुम्ही सगळ्या कशा बघायला लागलात माझ्याकडे. रूपालीचं हसणं बंद झालं. मला बरं वाटलं गो, खूप बरं वाटलं. पुढच्या वर्गातही तेच सांगितलं, त्याच्या पुढच्याही.

आणि घरी? घरीही काढते मी चिन्ह, रोज, ह्यांच्या गोळीवर, ते काही नाटक नव्हे. माझी श्रद्धा आहे, आजही आहे. पण गोळी देते ती पुरी. नाही म्हणायला एकदा अर्धी करून बघू म्हणून सुरी घेतली होती हातात — म्हटलं, आपणच शिकवतो तर आपणच नको का करायला? तर हे तिकडे मेजाकडे बसलेले, गंजीफ्रॉकवर, बेकरीचा उंडो चहात बुडवून खात. बिचाऱ्यांना काय ठाऊक. मी बघितलं त्यांच्याकडे आणि सुरी मुकाट्याने ठेवून दिली. तुमच्या घरच्या माणसांवर प्रयोग करायला मला काही वाटलं नाही, आणि माझ्या घोवावर करायची पाळी आली तर गोळी पुरीच दिली. आता कळलं पदर कशाला ओढला? लाज वाटली मला. तुझी जास्त वाटली, कारण बाकीच्या ऐकतात आणि घरी जाऊन विसरतात, तू तशी नव्हेस. तू सांगितलेलं पाळणारी.

रडू नको. रडू नको बाय, मी काही — संजना, तू आईला, ताराबाईंना, बीपीची गोळी अर्धीच देतेस ना? बोल ना. देतेस. गणेशचवथीपासून? अर्धी देत होतीस चवथीपासून, आणि आता — म्हणजे काय, आता अर्धीही नाही? चिन्ह दोनदा काढतेस म्हणून पाव? अरे देवा. नाही, तुला नाही बोलत मी, तुझा हिशेब बरोबर आहे गो, माझ्याच शिकवणीचा आहे तो. एकदा काढलं तर अर्धी, दोनदा काढलं तर पाव, असंच होणार. आजच पुरी दे. घरी गेल्या गेल्या डॉक्टरला विचार, आणि —

काय? कालचं विचारायला नाही आलीस? मग? तिसरं चिन्ह चुकतंय — लांबून पाठवतेस ते पोचत नाही — कुणाला पाठवतेस? आईलाच? ती तर तुझ्या घरात असते, तिला लांबून कशाला — काय झालं तिला? नीट सांग. कप पडला. कुठल्या हातातून पडला? उजव्या. परत उचलता येईना. आणि बोलणं? तोंड वाकडं झालंय? कधी? मला पहिला फोन केलास तेव्हा?

आणि मी इथे माझीच रड सांगत बसले. दारात ‘आई’ म्हणालीस ते ऐकलं मी, चांगलं ऐकलं, मला वाटलं जाब विचारायला आलीस. फोन काढ. एकशे आठ लाव. लाव म्हणते ना. घरी कोण आहे, तुझा भाऊ साईश? दुसरा फोन मी लावते त्याला — साईश, बाबा, मी मयेची कमलाक्षी मॅडम, ऐक, आईला काही भरवू नको, पाणीसुद्धा नको, गोळी तर अजिबात नको, कुशीवर निजव आणि रस्त्यावर कुणाला तरी गाडीला खूण दाखवायला उभं कर. हो, अॅम्ब्युलन्स. हो, आत्ता. ठेव.

तुझा लागला? वाजतोय? ऐक, तिथे डॉक्टर विचारतील, बीपीच्या गोळ्या घेत होत्या का. तेव्हा सांग की घेत होत्या, पण कमी — कुणी सांगितलं कमी करायला असं विचारलं तर तू माझं नाव — म्हणजे नाव घ्यायलाच हवं असं काही — बघ. बघ माझी अक्कल. तुझी आई तिथे पडलीय आणि मला माझ्या नावाची पडलीय. शी. सगळं सांग. पाव गोळी देत होते, कमलाक्षी मॅडमने वर्गात सांगितलं म्हणून देत होते, अस्संच सांग, एक अक्षर गाळू नको. मला बोलावलं तर येऊन मीही सांगेन.

काय? एकदाच? गाडी पोचेपर्यंत तरी चिन्ह काढा, तुमच्या हाताला गुण आहे — नको गो असं बोलू. माझा हात सोड. नाही काढायची मी काही. पाया कसल्या पडतेस, ऊठ, ऊठ आधी. उचलला फोन त्यांनी? मग माझ्याकडे काय बघतेस, त्यांच्याशी बोल.