डावीकडचं मी वाचते

—नाही हो डॉक्टर, झोपलेले नाहीत, आत विमान चालवताहेत. बसा ना तुम्ही. थांबा, हे धुतलेले कपडे उचलते खुर्चीवरचे... हं, बसा आता. असं काय बघताय, खरंच विमान! म्हणजे कम्प्युटरवरचं. पण खेळ म्हणू नका बरं का त्याला, ह्यांच्या कानावर गेलं तर दिवसभर तोंड फुगवून बसतील. दीडशे-दोनशे माणसं बसतात ना, तसलं मोठं विमान आहे, आणि खऱ्यात जितकी बटणं तितकी ह्यात. एक चुकीचं दाबलं तर सुरूच होत नाही. आता खाली यायच्या तयारीत आहेत, म्हणून दार लोटून घेतलंय. या वेळेला मध्ये बोललं तर सगळं बिनसतं. तेवढ्यात मीच सांगते तुम्हाला काय हवं ते. माझ्याइतकं ह्यांचं कुणाला ठाऊक? डेपोतून निरोप आला की डॉक्टर घरी येऊन बघून जातील, आणि ते म्हणतील तरच बस परत हातात देऊ, तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय. सकाळपासून तीनदा चहाचं आधण ठेवलं आणि उतरवलं. घ्या, हा ताजा आहे.

आता तुम्हीच बघा, पडले ते काही बस चालवताना नाही पडले. गाड्या धुतात त्या चौथऱ्यावर साबणाचं पाणी होतं, पाय सटकला, डोकं आपटलं. आत रक्त साकळलं होतं, ते काढलं, टाके घातले, संपलं. हात चालतात, पाय चालतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकेक अक्षर काडीनं दाखवलं तर खालच्या ओळीतली मुंगीएवढी अक्षरंसुद्धा धडाधडा वाचली ह्यांनी, मी शेजारीच उभी होते. मग राहिलं काय? पण मोठ्या दवाखान्यातला तो तरुण डॉक्टर म्हणाला, एवढ्यात चाक नको. बस्स. घरी आले ते भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायला चला म्हटलं तर हं नाही की चूं नाही. डेपोचे साहेब स्वतः आले, म्हणाले दुसरं काम देतो, भांडारात बस, सामान दे-घे. तर हे म्हणाले, त्या चौथऱ्यावरच राहिलो असतो तर बरं झालं असतं. चिमीच्या देखत म्हणाले हो, चार वर्षांच्या पोरीच्या देखत! त्या दिवसापासून न्हाणीघराची आतली कडी मी काढून टाकलीय. कुणी विचारलं तर सांगते, गंजली होती.

हे तुम्ही डेपोत नाही ना सांगणार? नका सांगू. आता तसं काही नाही. विमान आलं आणि माणूस उठून बसला.

माझे धाकटे दीर आहेत ना, त्यांना असला नाद. त्यांची नोकरी दुसरीकडे लागली, खोली लहान, म्हणून हे सगळं बिऱ्हाड आमच्याकडे टाकून गेले. कम्प्युटर, पायाखालचे पेडल, आणि विमानाचं ते चाक. ते पुरतं गोल नसतं, शिंगांसारखं असतं, बघितलंय तुम्ही? मी धूळ पुसत होते, तर हे उठले, येऊन त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, हे अर्धंच का केलंय? बाकीच्या अर्ध्याचं सामान संपलं काय ह्यांचं? —डॉक्टर, किती दिवसांनी तो माणूस बोलला होता! मी फडकं टाकून मोरीत गेले आणि नळ सोडून रडून घेतलं.

मग लागले शिकायला. मोबाईलवर कुणी कुणी शिकवतात ना, ते लावायचं, थांबवायचं, परत लावायचं. आधी सगळं काळोखात असतं. बॅटरी लावा, शेपटीतलं छोटं इंजिन लावा, मग मोठी दोन. नुसती किल्ली फिरवली असं नाही. पहिल्या दिवशी ह्यांना विमान हलवतासुद्धा आलं नाही, म्हणाले, सतरा बटणं आणि हॉर्न कुठाय? हसले चक्क. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण मलाही यायला लागलं बघता बघता. फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या फळ्या, उतरताना खाली सोडायच्या. गिअर म्हणजे चाकं. उतरायच्या आधी मी शेजारी बसून म्हणते, गिअर? हे म्हणतात, खाली, तीन हिरवे दिवे. मी म्हणते, फ्लॅप? हे म्हणतात, पूर्ण. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं बघून सांगायचं, खऱ्या विमानातही अशीच रीत असते. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं इतकं बोललो नव्हतो हो!

आता मला सांगा, जो माणूस एवढं जंगी धूड ढगातून खाली आणून टेकवतो, त्याला बस जड आहे का? तुम्हीच सांगा. नाहीच.

—मी का बसते शेजारी? अहो, असंच. सोबत म्हणून. तसं नाही, सुरुवातीला एकटेच चालवायचे. पण एकदा डाव्या इंजिनाला आग लागली. असं मुद्दाम लावता येतं, शिकण्यासाठी. लाल दिवा लागला, घंटा वाजायला लागली, आणि ह्यांनी उजवं बंद केलं. चांगलं चाललेलं! गेलं विमान समुद्रात. मी म्हटलं, अहो, डावं पेटलं होतं. तर म्हणाले, डाव्याचा दिवा लागलाच नाही. लागला होता हो, हा एवढा लाल! घाईत होतं माणसाचं. तेव्हापासून मी ह्यांच्या डाव्या हाताला स्टूल टाकून बसते, आज तुम्ही आलात म्हणून तेवढी उठले. डावीकडचं मी वाचते, उजवीकडचं ते बघतात. आणि कम्प्युटरचा पडदाही जरा उजवीकडे सरकवून ठेवलाय. विमानात दोघं असतातच की, त्यात काय कमीपणा?

—उतरतात तर! अगदी मधल्या रेघेवर. आधी नव्हते उतरत, उजव्या कडेला जायचे, धावपट्टीचे दिवे घासत. एकदा तर जमिनीवरून नेताना डावा पंख उभ्या विमानाला लावला, आणि थांबले पण नाहीत. पण तो दोष ह्यांचा नव्हे, त्या चाकाचा. जुनं झालंय, उजवीकडे ओढतं. मी भाऊजींना फोन केला, त्यांनी सांगितलं तसं कम्प्युटरमध्ये जाऊन ते थोडं डावीकडे ओढेल असं करून घेतलं. ह्यांना नाही सांगितलं, उगाच मनाला लागेल. दुसऱ्या दिवशी बरोबर रेघेवर! टाळ्या वाजवल्या चिमीनं.

—मी चालवलंय का? हो, हे आंघोळीला गेले की कधीमधी. मला कसलं येतंय, पण सरळ नेता येतं. आता नाही जात सरळ, आता माझं डावीकडे जातं.

—आधी? आधी म्हणजे... भाऊजींना फोन करायच्या आधी? आधी सरळ जायचं की.

माझं सरळ जायचं.

चहा का ठेवलात? साखर जास्त झाली का? दुसरा करते. नको? बरं... नाही, तुम्ही विचारा ना, विचारा, मी कुठं लपवतेय. जेवण? जेवण उत्तम आहे. अर्ध्या ताटावरून उठायचे सुरुवातीला, अर्धं तसंच. मला वाटलं, हातची चव गेली माझी. मग एकदा सहज ताट फिरवलं, तर राहिलेलंही चाटूनपुसून खाल्लं आणि वर म्हणाले, पहिल्यांदाच का नाही वाढलंस! तेव्हापासून फिरवते. एवढं काय, लहान पोरांचं नाही का करत आपण? दाढीचंही तसंच, एका गालाची राहते, मी दाखवते. सदऱ्याची एक बाही मी घालून देते. कुठल्या बायका करत नाहीत नवऱ्याचं?

मला कळतंय तुमच्या मनात काय चाललंय. थांबा, आधी माझं ऐका. मी विचार करून ठेवलाय. मला घ्या ना बसवर! कंडक्टर म्हणून. सातवी चालत नसेल तर नुसती झाडायला घ्या, पण बस सुटली की मी ह्यांच्या डाव्या बाजूला उभी राहीन. विचारीन, डावीकडे? नाही, मीच सांगीन, डावीकडे सायकल, डावीकडे खांब, थांबा, या. दिवसभर उभी राहीन हो, माझे पाय नाही दुखत. पगार नको मला. विमानात चालतं मग बसमध्ये का नाही? तुम्ही मोठ्या साहेबांना सांगितलंत तर ऐकतील. नाहीतर मग आठ दिवस तरी द्या, जवळचा फेरा, रिकामी बस—रिकामी चालवू देत! एकदा चाक हातात आलं की आपोआप ध्यान येईल जागेवर. तुम्ही 'नाही' म्हणालात ना, तर हा माणूस परत भिंतीकडे तोंड करेल, आणि ह्या वेळी मी कुठल्या कुठल्या कड्या काढू, सांगा मला?

—ही बघा आमची चिमी. अगं, चपला बाहेर! डॉक्टरकाका आहेत, नमस्कार कर. लाजते. बाबांना दाखवायचंय? चित्र? जा, दार हळू ढकल, दाखव, पण ओरडायचं नाही, बाबा उतरताहेत— अं हं, इकडून नाही. इकडून नाही गं, खुर्चीला वळसा घाल, तिकडून जा, त्या बाजूनं. हां. शहाणी.

काय म्हणालात?

वळसा... सवय आहे तिला. उजवीकडून गेली की बाबा लगेच बघतात, उचलून घेतात. इकडून हाका मारून मारून घसा बसायचा पोरीचा, रडायची, बाबा बोलत नाहीत म्हणून. मग मी शिकवलं. हो, मीच. रस्त्यानं जातानाही, बाबांच्या उजव्या हाताला राहायचं, त्या बाजूला गेलीस तर फटका देईन म्हणून बजावलंय. कारण एकदा... काही झालं नाही तेव्हा, तिला साधं खरचटलंसुद्धा नाही. दुकानात गेले होते दोघं. हिचा हात सुटला आणि ही मागं राहिली, चौकात. हे घरी आले एकटेच. मी दारात विचारलं, चिमी कुठाय? तर म्हणाले, ही काय, माझ्या हाताला. डावा हात असा धरलेला, मूठ वळलेली, आणि आत कुणी नाही. मी तशीच अनवाणी धावले. गाड्या थांबल्या होत्या दोन्हीकडच्या आणि मधोमध ही...

डॉक्टर, बसचं दार कुठल्या अंगाला असतं ते मला माहीत आहे. तुम्ही सांगू नका. ड्रायव्हरची बायको आहे मी. थांब्यावर पोरं कशी उभी असतात तेही बघितलंय, एकमेकांना ढकलत, एक पाय रस्त्यात. माझ्या एकीला मी वळसा घालायला शिकवलं. त्यांना कोण...

नाही. मी तुम्हाला अडवत नाही. डेपोत काय सांगायचं ते सांगा. आणि दवाखान्यात न्यायचं म्हणता तर नेईन, पण तिथं त्यांच्यासमोर मी सांगितलेलं ते ताटाचं काढू नका. आत कुठं निघालात? नाही, ह्यांना तुम्ही नाही सांगायचं. तुमच्याकडून ऐकलं तर माझ्याकडे बघणारसुद्धा नाहीत परत. मी सांगेन. कसं सांगेन ते माझं मी बघेन. तुम्ही जा. अहो, जा म्हटलं ना—ती पिशवी घ्या तुमची आणि जा.