आई आधी, कपाट नंतर

नाही, लॅपटॉप घरातच आहे — खोटं कशाला बोलू — त्या पलंगाखाली, दादाच्या स्वेटरमध्ये गुंडाळलाय. आधी बसा तर, पार्टनर. आई आत पडलीये, हळू बोला — म्हणजे तुम्ही कुठे बोलताय, मीच बोलतोय. चहा घ्या. बिघडलाय, माहितीये. चहा दादाच करायचा.

काय म्हणालात, त्याचा कोड हवाय? मला कोड कळत नाही, आठवी नापास मी, गॅरेजमध्ये टायर काढतो. पण मिडलवेअर कळतं मला — हसू नका — दादानं ह्याच खोलीत समजावलंय. म्हणाला, आपल्या घरी कुणी आलं तर काय होतं? दारात चपला निघतात. मग आई विचारते, कोण रे? ओळख पटली तरच म्हणते, जा आत. मग पाणी, गप्पा, आणि अगदीच घरचा असेल तर कपाट. ॲपमध्येही तसंच म्हणे — येणारी प्रत्येक रिक्वेस्ट एकेका दारातून जाते, दारावरचा तपासतो आणि ‘नेक्स्ट’ म्हणतो, तेव्हा पुढचं दार उघडतं. तो गप्प बसला की खेळ तिथंच खलास. आणि सगळी गंमत क्रमात. आईला उचलून कपाटाच्या पलीकडे उभी केलीस, तर येणारा कपाट झाडून नेणार, आणि मग ही विचारणार, कोण रे? — काय हसला होता! आईनं त्याला लाटणं फेकून मारलं होतं.

मग मला कळलेलं तुम्हाला, त्याच्याबरोबर तेच ॲप लिहिणाऱ्याला, नाही कळलं? तो हॉस्पिटलात, नाकात नळी, आणि इकडे तुम्ही पेशंटांचे रिपोर्ट ठेवणाऱ्या ॲपमध्ये आईलाच उचलून मागे टाकलीत. का — तर साहेबांना दाखवताना पानं पटापट उघडावीत. ‘कोण रे’ विचारणारी वरची एक ओळ खाली. झालं, कुणाचेही रिपोर्ट कुणीही बघायला लागलं. असू दे, चूक होते, ती मी मनात धरत नाही. पण मीटिंगमध्ये म्हणालात ना, ‘तो भाग त्यानं लिहिलाय’ — ते? तो ऐकत होता, पार्टनर. फोनवर, स्वतःचा माईक बंद करून. मी शेजारी संत्रं सोलत होतो. त्यानं फोन उपडा ठेवला, भिंतीकडे तोंड केलं. मी म्हटलं, बोल ना, सांग ना त्यांना! तर म्हणतो कसा — त्याला आत्ताच मुलगी झालीये रे, त्याची नोकरी राहू दे.

हे सांगायचं नव्हतं मला.

त्यानंतर तो त्या लॅपटॉपलाच चिकटला. नर्स ओरडायची, मी ओरडायचो. सगळी दारं त्यानं पुन्हा क्रमानं लावली — तुमच्यासाठी, तुमच्यासाठी! — कारण त्या घोळानंतर ॲप बंद ठेवावं लागलंय आणि तुम्हाला ते जमायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणाला, पार्टनर येईल, एकटाच येईल, लाजत येईल, त्याला लॅपटॉप दे. पासवर्ड विचारला, तर म्हणे, हॉस्टेलात त्याला हाक मारायचो तेच — ए, रडू नका. रडू नकोस म्हणतो ना! आमच्या घरात रडायचा मान तुझा नाही. दहा वर्षं आईच्या हातचं जेवलास, तिनं कधी ‘कोण रे’ विचारलं तुला? आणि तो गेला त्या दिवशी कुठे होतास? त्याला उचलायला एक खांदा कमी पडत होता, शेजारचा ड्रायव्हर आला —

हो, दे म्हणाला होता. कळतंय मला, मी त्याचा शब्द मोडतोय. पण त्यानं क्रम लावला तेव्हा दारात आई होती. आज ती उठत नाही. दारात मी आहे — आणि मी नेक्स्ट म्हणत नाही.

चहा ठेव. चपला बाहेर आहेत.